वाचक विचारतात : एक संगणक आणि अनेक बोर्ड

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमधला छोटा संगणक, आपल्या संगणकाला जोडला, पडद्यावर आकडे उमटू लागले, हुरूप आला. मग दुसरा जोडला, तिसरा जोडला आणि गाडे अडले. यात नवल नाही, कारण सिरियल जोडणी, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणारी जोडणी, मुळात दोघांच्याच संभाषणासाठी घडवलेली आहे. एकाची बोलण्याची तार ती दुसऱ्याची ऐकण्याची तार, आणि दुसऱ्याची बोलण्याची ती पहिल्याची ऐकण्याची. १९६० साली अमेरिकेत ठरलेल्या आरएस-२३२ या मानकातही एका टोकाला टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाला मोडेम एवढेच गृहीत धरलेले होते. तिसरा आला की दोन गोष्टी नव्याने ठरवाव्या लागतात : बोलणारा कोण हे कशावरून ओळखायचे, आणि कोणी केव्हा बोलायचे. खालची पत्रे वेगवेगळ्या गावांची आणि वेगवेगळ्या कामांची असली, तरी त्यांतील बहुतेक अडचणी या दोन गोष्टी ठरवायच्या राहून गेल्यामुळेच आलेल्या आहेत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात चार आर्डुइनो नॅनो बोर्ड एका यूएसबी हबमधून जोडले आहेत आणि प्रत्येकावर वेगळा सेन्सर आहे. महाविद्यालयातील विंडोज संगणकावर पोर्टचे क्रमांक सहसा तेच राहतात, पण माझ्या लिनक्स लॅपटॉपवर ते रोज बदलतात आणि तापमानाच्या रकान्यात अंतराचे आकडे येऊन बसतात. पोर्टची नावे कायम कशी ठेवावीत? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कराड)

पोर्टचे नाव कायम ठेवण्याचे उपाय आहेत आणि ते खाली सांगतो. पण पोर्टच्या नावावरून बोर्ड ओळखण्याची सवयच सोडावी, असा माझा सल्ला आहे.

आधी असे का होते ते पाहू. नॅनो हा मायक्रोकंट्रोलर बसवलेला तयार बोर्ड आहे. त्याच्या मुख्य चिपला, म्हणजे एटीमेगा ३२८पीला, यूएसबी समजत नाही. बोर्डावर तिच्या जोडीला यूएसबी आणि सिरियल यांच्यात दुभाष्याचे काम करणारी दुसरी चिप असते. मूळ नॅनोवर ती एफटीडीआय कंपनीची असते आणि तिच्यात कारखान्यातच एक वेगळा अनुक्रमांक घातलेला असतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नॅनोवर मात्र बहुधा सीएच ३४० ही चिप असते, आणि तिच्यात असा अनुक्रमांक नसतो. म्हणजे आपले चारही बोर्ड संगणकाच्या दृष्टीने एकसारखेच, जुळ्या भावंडांसारखे आहेत. अशा वेळी विंडोज बोर्ड यूएसबीच्या कोणत्या खोबणीत बसला आहे ते लक्षात ठेवून कॉम क्रमांक देते, म्हणून खोबणी बदलली नाही तोवर क्रमांक टिकतो. लिनक्स मात्र जो बोर्ड आधी सापडेल त्याला ‘टीटीवाययूएसबी ०’ म्हणते, त्यानंतरच्याला १, आणि ही शर्यत रोज वेगळा बोर्ड जिंकू शकतो.

लिनक्सवर तात्पुरता उपाय सोपा आहे. ‘डेव्ह’ निर्देशिकेतील ‘सिरियल’ या उपनिर्देशिकेत ‘बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ असे दोन कप्पे असतात. पहिल्यात चिपच्या ओळखीवरून नावे बनतात, त्यामुळे अनुक्रमांक नसलेल्या आपल्या चार बोर्डांना त्याचा उपयोग नाही. उलट एकाच नावावर चौघांचा हक्क सांगितला जाईल. दुसऱ्या कप्प्यातील नावे हबच्या खोबणीवरून बनतात. ती वापरा, हबच्या प्रत्येक खोबणीवर रंगीत चिकटपट्टी लावा, आणि केबल अदलाबदल होणार नाहीत याची काळजी घ्या.

प्रदर्शनाच्या दिवशी घाईत कोणीतरी केबल काढते आणि दुसरीकडे खोचते, हा अनुभव मात्र बहुतेकांना येतो. म्हणून टिकाऊ उपाय असा की बोर्डाचे नाव बोर्डातच असावे. प्रत्येक बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या स्मृतीत, एक छोटे नाव एकदाच लिहून ठेवावे. एटीमेगा ३२८पीमध्ये १०२४ बाइटची ईईप्रॉम असते आणि नवा प्रोग्रॅम चढवला तरी तिच्यातील मजकूर साधारणपणे शाबूत राहतो. मग संगणकावरील प्रोग्रॅमने सुरुवातीला सगळे पोर्ट उघडावेत, प्रत्येकाला ‘तू कोण?’ अशा अर्थाचे एक अक्षर पाठवावे आणि बोर्डाने आपले नाव सांगावे. नाव मिळाले की कोणता पोर्ट कोणाचा याचा तक्ता प्रोग्रॅमच तयार करतो, आणि मग केबल कोणत्याही खोबणीत असली तरी बिघडत नाही.

यात एक खाच आहे आणि तिच्यावर पुष्कळांचे तास वाया जातात. नॅनो आणि ऊनो या बोर्डांवर संगणकाने पोर्ट उघडला की, संगणक तयार असल्याची खूण देणाऱ्या डीटीआर या तारेवरची हालचाल एका छोट्या कपॅसिटरमधून रीसेटच्या पिनपर्यंत पोहोचते आणि बोर्ड नव्याने सुरू होतो. त्यानंतर बूटलोडर, म्हणजे बोर्डावर प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम, थोडा वेळ नव्या प्रोग्रॅमची वाट पाहतो. त्या काळात विचारलेला प्रश्न हवेत विरतो. म्हणून पोर्ट उघडल्यावर साधारण दोन सेकंद थांबावे आणि मगच विचारावे. चार बोर्डांसाठी चारदा थांबण्याची गरज नाही. चारही पोर्ट आधी उघडून घ्यावेत, एकदाच थांबावे आणि मग ओळीने प्रश्न विचारावेत.

हबविषयी एवढेच, की वेगळा अडॅप्टर नसलेल्या यूएसबी २ च्या हबकडून प्रत्येक खोबणीला फक्त १०० मिलिअँपिअर मिळतील असे धरून चालावे. नॅनो आणि साधा सेन्सर यांना ते पुरतात. सर्व्हो मोटर किंवा रिले त्याच यूएसबीवर चालवल्या की मोटर फिरताच बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दोष मात्र सिरियल जोडणीला दिला जातो. त्यांना वेगळा वीजपुरवठा द्यावा आणि दोन्ही पुरवठ्यांची ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची तार, एकत्र जोडावी.

प्रश्न : मावळात माझी गुलाबाची सहा पॉलीहाऊस आहेत. प्रत्येकात तापमान आणि आर्द्रता मोजणारा एक आर्डुइनो ऊनो ठेवून सगळ्यांचे आकडे पॅकहाऊसमधील संगणकावर आणायचे आहेत. शेवटचे पॉलीहाऊस सुमारे २५० मीटर दूर आहे. यूएसबीच्या एक्स्टेंशन केबल एकमेकींना जोडून पाहिल्या, पण पंप सुरू झाला की संपर्क तुटतो. काय करावे? (गुलाब उत्पादक, मावळ)

आपण जोडलेल्या केबल उतरवून ठेवा. यूएसबी २ ची केबल पाच मीटरच्या पुढे नेण्यासाठी बनवलेलीच नाही. आपल्या कामासाठी आरएस-४८५ हे १९८३ सालचे मानक आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे आहे, आणि कारखान्यांतील मीटर, ड्राइव्ह आणि तापमान-नियंत्रक वर्षानुवर्षे त्यावरच चालत आले आहेत.

साध्या सिरियल तारेत व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजले जाते. पंप सुरू झाला, ग्राउंड हलली, की अक्षर बिघडले. आरएस-४८५ मध्ये एकच संदेश दोन तारांवरून परस्परविरुद्ध पाठवला जातो आणि ऐकणारा त्या दोन तारांमधील फरक पाहतो. पंपाचा व्यत्यय पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो, त्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. कमी वेगाने ही जोडी १२०० मीटरपर्यंत नेता येते आणि मूळ मानकाप्रमाणे तिच्यावर ३२ प्रमाणित भार, म्हणजे साध्या ३२ चिप, चालतात. आजच्या काही चिप एका भाराच्या आठव्या हिश्श्याएवढ्याच असतात, म्हणून त्यांची संख्या २५६ पर्यंत नेता येते. आपली सहा पॉलीहाऊस यात सहज बसतात.

सामान थोडकेच लागते : प्रत्येक ऊनोला एक मॅक्स ४८५ चिपचे मॉड्यूल, संगणकाला यूएसबीचे आरएस-४८५ करणारा एक कन्व्हर्टर, आणि पीळ दिलेल्या तारांची केबल. बाहेर वापरायची कॅट-५ केबल चालेल. पुण्याच्या बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळे मिळते. खरी काळजी घ्यायची ती जोडताना.

पहिली बाब तारेच्या वाटेची. पॅकहाऊसपासून प्रत्येक पॉलीहाऊसला वेगळी केबल नेऊन चांदणीसारखी मांडणी करण्याचा मोह होतो, आणि वीजतंत्रीही तसेच सुचवेल, कारण दिव्यांची वायरिंग तशी असते. ते टाळा. केबल एका पॉलीहाऊसमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी एकाच रेषेत जावी आणि बोर्डाकडे जाणारा फाटा शक्य तितका आखूड असावा, कारण प्रत्येक मोकळ्या टोकावरून संदेश परावर्तित होऊन परत येतो आणि मूळ संदेशात मिसळतो. हे परावर्तन थांबवण्यासाठी रेषेच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, दोन तारांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर लावतात. बाजारातील स्वस्त मॉड्यूलवर हा रेझिस्टर बहुधा आधीच डाग देऊन बसवलेला असतो. सहा मॉड्यूल आणि कन्व्हर्टर मिळून असे सात रेझिस्टर समांतर जोडले गेले की एकत्रित रोध जेमतेम १७ ओहम होतो आणि चिपला तो भार पेलत नाही. मधल्या मॉड्यूलवरचे रेझिस्टर उपटून काढा. सर्व वीज बंद करून, कन्व्हर्टर काढून आणि त्याच्या जागी १२० ओहमचा रेझिस्टर लावून मल्टिमीटरने दोन तारांमधील रोध मोजा. आपल्या अंतरात, तारेचा स्वतःचा रोध धरून, तो ६० ते ७० ओहमच्या आसपास यायला हवा. साठाच्या खाली आला तर एखादा रेझिस्टर काढायचा राहिला आहे. शंभराच्या वर गेला तर दूरच्या टोकाचा लागलेला नाही किंवा तार मध्ये तुटली आहे.

दुसरी बाब शांततेची. कोणीच बोलत नसताना त्या दोन रेझिस्टरमुळे दोन तारांमधील फरक शून्याजवळ येतो, आणि उणे २०० ते अधिक २०० मिलिव्होल्टच्या मधल्या पट्ट्यात ऐकणाऱ्याने काय समजावे हे मानक सांगत नाही. मग कोणी न बोलताच अधूनमधून निरर्थक अक्षरे उमटतात. त्यावर उपाय म्हणजे एकाच ठिकाणी, शक्यतो संगणकाच्या टोकाला, एक तार ५६० ओहममधून ५ व्होल्टला आणि दुसरी ५६० ओहममधून ग्राउंडला बांधणे. दोन्ही टोकांचे रेझिस्टर मिळून ६० ओहम धरले, तर त्यांच्यावर सुमारे २५० मिलिव्होल्ट राहतात आणि संभ्रम मिटतो. काही कन्व्हर्टरमध्ये ही सोय आधीच असते.

दोन तारांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात, पण कोणती धन आणि कोणती ऋण याबाबत मानकाची व्याख्या आणि बहुतेक चिप-उत्पादकांची चिन्हे एकमेकांच्या उलट आहेत. मी स्वतः एकदा एका मीटरच्या जोडणीत अख्खी संध्याकाळ प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात घालवली आणि शेवटी दोन तारा उलटवताच सगळे सुरळीत झाले. तारा उलट्या लागल्याने चिप जळत नाही. उत्तर येत नसेल तर आधी त्या उलटवून पाहाव्यात आणि मगच प्रोग्रॅमकडे वळावे. या दोन तारांबरोबर ग्राउंडची तिसरी तारही न्यावी, कारण ‘फक्त फरक मोजला जातो’ हे खरे असले तरी चिपला तारांवरील व्होल्टेज तिच्या स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आतच लागते.

त्याच केबलमधून वीजही न्यायची असेल तर ५ व्होल्ट नेऊ नका. कॅट-५ च्या बारीक तारेचा २५० मीटरचा जाण्यायेण्याचा रोध ४० ओहमच्या आसपास भरतो; शेवटच्या बोर्डाने १०० मिलिअँपिअर घेतले तर पाचपैकी चार व्होल्ट वाटेतच संपतील. २४ व्होल्ट पाठवा आणि प्रत्येक पॉलीहाऊसमध्ये बक कन्व्हर्टर या व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉड्यूलने ५ व्होल्ट करून घ्या. केबलमधील उरलेल्या जोड्या समांतर जोडल्या तर घट आणखी कमी होईल.

आता बोलण्याची पाळी. आरएस-४८५ च्या एकाच जोडीवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही होते, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचे. संगणकाने नाव घेऊन विचारल्याशिवाय कोणत्याही बोर्डाने तोंड उघडू नये, हा नियम कडकपणे पाळा. त्यासाठी स्वतःची भाषा बनवण्यापेक्षा मॉडबस वापरावे. मॉडिकॉन या कंपनीने १९७९ साली आणलेली ही पद्धत खुली आहे, तिच्यात १ ते २४७ असे पत्ते देता येतात, प्रत्येक संदेशाच्या शेवटी तो वाटेत बिघडला का हे तपासणारे दोन बाइट असतात, आणि आर्डुइनोसाठी व पायथनसाठी तयार लायब्ररी मिळतात. ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या, वेगाने एका बोर्डाला दोन आकडे विचारून उत्तर मिळायला ४० मिलिसेकंदांहून कमी वेळ पुरतो. म्हणजे सहाही पॉलीहाऊसची एक फेरी पाव सेकंदात होते, आणि आपल्याला तर मिनिटाला एक आकडा पुरेसा आहे. वेग वाढवण्याच्या फंदात पडू नका.

बोर्डाचा पत्ता प्रोग्रॅममध्ये लिहिण्याऐवजी बोर्डावर तीन खटक्यांचा डिप स्विच बसवावा. तीन खटक्यांचे आठ पत्ते होतात. एखादा बोर्ड बिघडला तर शेतावरील माणूस दुसरा लावून खटके तसेच करू शकतो. त्यासाठी लॅपटॉप घेऊन चिखलातून जावे लागत नाही.

ऊनोवर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिचा एकमेव खरा सिरियल पोर्ट, म्हणजे ० आणि १ या पिना, यूएसबीच्या चिपलाही जोडलेला असतो, म्हणून प्रोग्रॅम चढवताना मॉड्यूलची तार काढावी लागते. दुसरे, बोलून झाल्यावर मॉड्यूलला पुन्हा ऐकण्याच्या स्थितीत आणण्याआधी ‘फ्लश’ ही आज्ञा देऊन शेवटचे अक्षर खरोखर बाहेर पडेपर्यंत थांबावे. तसे न केल्यास उत्तराचे शेवटचे एकदोन बाइट कापले जातात, आणि नेमके तेच तपासणीचे बाइट असल्यामुळे संगणक सगळे उत्तर फेकून देतो.

वळवाच्या पावसात मोकळ्या शिवारातील लांब तारेवर विजेमुळे मोठे व्होल्टेज चढते. दोन्ही टोकांना आरएस-४८५ साठी बनवलेले, असा झटका शोषून घेणारे टीव्हीएस डायोड लावा आणि संगणकाच्या बाजूला विद्युतदृष्ट्या विलग केलेला, म्हणजे आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या. तो थोडा महाग पडतो, पण संगणकापेक्षा स्वस्तच असतो.

प्रश्न : तीन ऊनो एकाच टेबलावर आहेत. तिघांच्या टीएक्स पिना एकत्र करून एकाच यूएसबी-सिरियल केबलच्या आरएक्सला जोडल्या तर चालेल का? (वाचक, अंबरनाथ)

टीएक्स ही बोलण्याची पिन आणि आरएक्स ही ऐकण्याची. थेट जोडू नका. सिरियलची तार स्वस्थ असताना ५ व्होल्टवर असते. एका बोर्डाने बोलताना ती शून्यावर ओढली की उरलेले दोन बोर्ड तिला वर ढकलत राहतात आणि पिनांमधून मर्यादेबाहेर प्रवाह जाऊ शकतो. ऊनोवरील एटीमेगाच्या एका पिनेची कमाल सहनशक्ती ४० मिलिअँपिअर आहे. प्रत्येक टीएक्स पिनेला एक डायोड असा लावा की त्याची पट्टीची बाजू पिनेकडे असेल, तिन्ही डायोडची दुसरी टोके एकत्र करून केबलच्या आरएक्सला न्या, आणि त्या सामाईक तारेला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून ५ व्होल्टला बांधा. १एन ४१४८ हा साधा डायोड पुरतो. आता कोणीही तार खाली ओढू शकतो, पण वर कोणीच ढकलत नाही. केबलची टीएक्स तार तिन्ही आरएक्सना सरळ जोडता येते, कारण बोलणारा एक आणि ऐकणारे तीन यात भांडण नाही. ऊनोची स्वतःची यूएसबी केबल मात्र त्या वेळी लावू नका. पाळीचा नियम इथेही लागतोच, आणि ही युक्ती टेबलापुरतीच समजावी.

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनात १२ मेगाहर्ट्झ क्रिस्टलचे जुने ८०५१ बोर्ड आहेत. ते ऊनोबरोबर एकाच तारेवर ९६०० वेगाने चालवायचे आहेत, पण ८०५१ कडून अगम्य अक्षरे येतात. ऊनोकडून ११५२०० वरही क्वचित चुका होतात. बोर्ड खराब झाले आहेत का? (प्रयोगशाळा साहाय्यक, सोलापूर)

बोर्ड धडधाकट आहेत. हिशोब जुळत नाही. सिरियल जोडणीत घड्याळाची वेगळी तार नसते. दोन्ही बाजू आपापल्या घड्याळावरून वेळ मोजतात आणि दर अक्षराच्या सुरुवातीला पुन्हा जुळवून घेतात. सुरुवातीचा बिट, आठ बिट मजकूर आणि शेवटचा बिट असे दहा बिट जाईपर्यंत दोघांतील तफावत अर्ध्या बिटाच्या आत राहिली पाहिजे. म्हणजे दोघांमधील फरक ढोबळमानाने ५ टक्क्यांच्या आत हवा, आणि व्यवहारात प्रत्येकाने दोन टक्क्यांच्या आत राहावे हे बरे.

८०५१ मध्ये घड्याळाचा ठेका देणाऱ्या क्रिस्टलची वारंवारता आधी १२ ने, मग ३२ ने आणि मग टायमरमधील पूर्णांकाने भागली जाते. १२ मेगाहर्ट्झवर ९६०० च्या जवळात जवळचा वेग १०४१७ येतो, म्हणजे साडेआठ टक्के चूक. अशाने अक्षरे अगम्यच येणार. आता ११.०५९२ मेगाहर्ट्झ घेऊन हाच भागाकार ३ ने करून पाहा : बरोबर ९६०० येतात. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमध्ये तो विचित्र आकडा का असतो, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. त्यामागे एवढेच कारण आहे. क्रिस्टल बदला, किंवा तेच ठेवून सर्व बोर्डांचा वेग २४०० करा. तिथे १२ मेगाहर्ट्झची चूक ०.२ टक्क्यांच्या आत राहते.

ऊनोचे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे आहे. ११५२०० साठी त्यातून ११७६४७ मिळतात, म्हणजे २.१ टक्के जास्त. एका चांगल्या केबलवर हे खपून जाते, पण समोरचाही थोडा चुकत असेल तर कधीमधी अक्षर बिघडते. ३८४०० वर चूक ०.२ टक्के उरते, आणि २५०००० वर तर काहीच उरत नाही. वेग हवाच असेल आणि संगणकाकडील चिपला चालत असेल तर तो आकडा निवडावा.

आपल्या जुन्या बोर्डांत एक गुण आहे, तो या निमित्ताने विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ मध्ये अनेक मायक्रोकंट्रोलर एका तारेवर बसवण्याची सोय पहिल्यापासून आहे. आठ बिटांच्या जोडीला नववा बिट पाठवता येतो, आणि एसएम २ हा बिट चालू केला की नववा बिट १ असल्याशिवाय चिप आलेल्या अक्षराकडे ढुंकूनही पाहत नाही. पत्ता पाठवताना नववा बिट १ ठेवायचा, मजकूर पाठवताना ०. ज्याचा पत्ता असेल तो बोर्ड एसएम २ बंद करून पुढचे ऐकतो, बाकीचे आपल्या कामात राहतात. एटीमेगातही हीच सोय आहे. संगणकाच्या सिरियल पोर्टला नववा बिट माहीत नसतो, पण पॅरिटीचा, म्हणजे चूक तपासण्याचा, बिट नेमका त्याच जागी असतो. ती पॅरिटी पत्त्यासाठी ‘मार्क’ (कायम १) आणि मजकुरासाठी ‘स्पेस’ (कायम ०) केली की काम होते. पहिला बाइट पोर्टमधून प्रत्यक्ष बाहेर पडण्याआधी पॅरिटी बदलू नये, एवढे पथ्य पाळावे.

जुन्या बोर्डांवर नऊ पिनांचा कनेक्टर असेल तर तो आरएस-२३२ चा आहे, आणि त्याच्यावर मॅक्स २३२ सारख्या चिपमधून आलेले धन-ऋण व्होल्टेज असते. ते ऊनोच्या पिनेला थेट लावू नये.

प्रश्न : तारा टाकण्यापेक्षा सगळीकडे ईएसपी ३२ बसवून वाय-फाय वापरणे सोपे नाही का? (वाचक, नाशिक)

घरात आणि कार्यालयात सोपे आहे. लोखंडी शेडमध्ये, ओल्या पानांच्या दाटीत आणि वीज गेल्यावर राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत सोपे राहत नाही. तार टाकणे शक्य असेल तिथे मी तार टाकतो. ईएसपी ३२ वर तीन सिरियल पोर्ट असतात, त्यामुळे तारेवरही तो उत्तम चालतो. फक्त तो ३.३ व्होल्टचा आहे, म्हणून त्याला मॅक्स ४८५ ऐवजी त्याच व्होल्टेजची मॅक्स ३४८५ ही चिप जोडावी.

प्रश्न : पूलसदृश प्रतिकृतीवर चार ठिकाणी कंपने मोजत आहे. चार बोर्ड चार यूएसबी पोर्टांवर आहेत आणि पायथनचा एकच प्रोग्रॅम ओळीने वाचतो. एका बोर्डाची केबल निघाली की सगळा प्रोग्रॅम थिजतो. शिवाय चारही ठिकाणच्या लहरींच्या वेळा जुळत नाहीत. (संशोधक विद्यार्थी, गोवा)

थिजण्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. ओळीने वाचणारा प्रोग्रॅम गप्प बसलेल्या पहिल्या बोर्डाची वाट पाहत उभा राहतो. प्रत्येक पोर्टसाठी वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतंत्रपणे चालणारा भाग, ठेवा, वाचनाला कालमर्यादा द्या, आणि सर्व थ्रेडनी आपापले आकडे एकाच रांगेत टाकावेत. फाइलमध्ये लिहिण्याचे काम त्या रांगेतून उचलणारा एकच थ्रेड करील. केबल निघाल्यावर येणारी त्रुटी त्या थ्रेडनेच झेलावी आणि काही सेकंदांनी पुन्हा पोर्ट उघडून पाहावा.

वेळेचा प्रश्न अधिक खोल आहे आणि तो प्रोग्रॅम सुधारून सुटणार नाही. आकडा संगणकात ज्या क्षणी पोहोचतो, तो मोजल्याचा क्षण नसतो. एफटीडीआयची चिप अक्षरे थोडी साठवून पाठवते आणि तिची वाट पाहण्याची मुदत मुळात १६ मिलिसेकंद असते. ती १ पर्यंत कमी करता येते, पण कार्यप्रणालीचा स्वतःचा विलंब उरतोच. बोर्डावरच वेळ नोंदवावी म्हटले, तर ऊनोसारख्या बोर्डांवरील, घड्याळाचा ठेका देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे तासाला १८ सेकंद, आणि प्रत्येक बोर्ड वेगळ्या प्रमाणात.

म्हणून मोजण्याचा क्षण सिरियलवर सोपवूच नका. एका बोर्डाच्या साध्या डिजिटल पिनेवरून एक तार उरलेल्या तिघांच्या २ क्रमांकाच्या पिनेला न्या, चौघांची ग्राउंड जोडा, आणि त्या तारेवर ठरावीक अंतराने स्पंद द्या. प्रत्येक स्पंदाला इंटरप्ट, म्हणजे हातचे काम थांबवण्याचा इशारा, येताच चौघांनीही सेन्सर वाचावा आणि आकड्यासोबत स्पंदाचा अनुक्रमांक पाठवावा. मग आकडे संगणकात कितीही मागेपुढे पोहोचले तरी ५३७ क्रमांकाचे चार आकडे एकाच क्षणाचे असतील. अनुक्रमांकात खंड दिसला तर आकडा वाटेत हरवला हेही कळेल. एक बोर्ड मध्येच नव्याने सुरू झाला तर त्याची मोजणी मात्र शून्यापासून होईल, तेव्हा दर प्रयोगाच्या आरंभी, चारही पोर्ट उघडून बोर्ड स्थिरावल्यानंतरच, स्पंद सुरू करावेत.